ठेवणीतले बूट

ऑक्टोबर संपता संपता अमिरातीतली हवा जरा माणसात येते. सकाळी खिडकी उघडावीशी वाटते, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर ‘या शनिवारी शौका की हट्टा?’ अशी विचारणा सुरू होते. कपाटाच्या तळाशी ठेवलेले हायकिंगचे बूट बाहेर निघतात. आणि मग मोसमाच्या पहिल्या दोन-तीन ट्रेकमध्येच कुणाच्या तरी बुटाचा सोल भर वाटेत सुटून लोंबायला लागतो. बूट झिजलेले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं: “अरे, चार वेळासुद्धा घातले नव्हते!”

मालक खोटं बोलत नसतो. पाच वर्षांपूर्वी घेतलेले, फारसे न वापरलेले, वरून कोरे दिसणारे बूट असे तुटतात, आणि ते न वापरल्यामुळे वाचलेले नसतात, हाच या लेखाचा विषय आहे. आपल्याकडे चांगल्या वस्तू ठेवणीत टाकायची सवय आहे. ठेवणीतली पैठणी, ठेवणीतली भांडी, तसेच ठेवणीतले बूट. “एवढे महागाचे बूट रोज ऑफिसला घालून झिजवायचे कशाला?” हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. पैठणीला ही सवय मानवते. बुटांना ती मानवत नाही, निदान आखातात तरी नाही. त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे.

बुटाच्या पोटात काय असतं?

हायकिंगच्या बुटाचा तळ एकसंध दिसतो, पण त्यात साधारण तीन थर असतात. जमिनीला टेकतो तो बाहेरचा सोल रबराचा असतो. पायाला लागतो तो आतला इनसोल, जो हाताने काढता येतो. या दोघांच्या मध्ये फोमचा जाड थर असतो, तो मधला सोल. पाऊल पडल्यावर बसणारा धक्का पचवायचं काम त्याचं. आपण दुकानात बूट उलटा करून बाहेरचा सोल बघतो आणि नखाने टोकरून मजबुती ठरवतो. पण बूट किती वर्षं टिकणार आणि किती आरामदायी असणार, हे बहुतांशी या मधल्या, न दिसणाऱ्या थरावर ठरतं.

बाहेरच्या सोलचा प्रश्न तसा बराच आधी सुटला. १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिका या शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या काळी तळाला खिळे ठोकलेले जड बूट पायथ्याशी काढून ठेवत आणि वर चढताना हलके, पातळ तळाचे जोडे घालत. बर्फाळ वादळात ते जोडे निरुपयोगी ठरले. त्या मोहिमेतला मिलानचा गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर चढायला आणि चालायला दोन्हीकडे चालेल असा, खोल खाचांचा व्हल्कनाइज्ड रबराचा सोल तयार केला. १९३७ मध्ये आलेल्या त्या सोलला ब्रामानीच्याच नावावरून ‘व्हायब्रम’ हे नाव मिळालं. १९५४ साली के-टू शिखर पहिल्यांदा सर झालं, तेव्हा इटालियन चमूच्या पायांत हेच सोल होते. गंधकाने रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेलं, काजळी मिसळलेलं हे काळं रबर ऊन, पाणी, खडक सगळ्याला बऱ्यापैकी पुरून उरतं. वाटेत जेव्हा सोल सुटतो, तेव्हा हातात येणारा रबराचा तुकडा बहुतेक वेळा धडधाकट असतो. मोडलेला असतो तो त्याच्या वरचा फोम.

हा फोम मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एक ईव्हीए, म्हणजे इथिलीन आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेट यांचं मिश्र पॉलिमर. दुसरा पॉलियुरेथेन, ज्याला कंपन्या ‘पीयू’ म्हणतात. पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलं. या दोन फोमचे स्वभाव उलटे आहेत, आणि त्यांतच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ईव्हीए हलका आणि पहिल्या दिवसापासून मऊ. पण त्यातले हवेचे बुडबुडे वजनाखाली हळूहळू चपटे होतात आणि पुन्हा पूर्ण फुगत नाहीत. रोज चाललं की वर्षभरात टाचेखालचा फोम दबून बसतो. पॉलियुरेथेन जड, सुरुवातीला थोडा कडक, पण चिवट. शेकडो किलोमीटर चालूनही तो आकार सोडत नाही, म्हणून जड बुटांत तोच वापरतात. थोडक्यात, ईव्हीएला चालणं संपवतं. पॉलियुरेथेनला संपवतो काळ, किंवा नेमकं सांगायचं तर हवेतलं पाणी.

पाण्याने उसवलेली माळ

पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची ओवलेली लांबच लांब माळ. सोलसाठी वापरतात त्या पॉलियुरेथेनच्या माळेत बरेचदा ‘एस्टर’ नावाच्या गाठी असतात. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर तयार होतो. पिकलेल्या केळ्याचा वास एस्टरचाच. खोबरेल तेलही एस्टरच, आणि साबण करताना आपण त्या तेलातल्या गाठीच तोडत असतो. एस्टरच्या गाठींमुळे पॉलियुरेथेनला ताकद येते, तो सहज फाटत नाही, घासला जात नाही, तेलाला दाद देत नाही. म्हणूनच कारखानदारांना तो आवडतो.

अडचण अशी, की ही क्रिया उलटही होते. पाण्याचा रेणू परत आला की गाठ सुटते आणि पुन्हा आम्ल व अल्कोहोल वेगळे होतात. याला जलापघटन म्हणतात. फोम म्हणजे असंख्य बारीक पोकळ्या, त्यामुळे दमट हवा आतपर्यंत पोहोचते. त्यातून गंमत अशी, की सुटलेलं आम्ल स्वतःच पुढच्या गाठी सोडवायला मदत करतं. एक गाठ सुटली की दुसरी लवकर सुटते. म्हणून पहिली काही वर्षं बाहेरून काहीच कळत नाही आणि मग थोड्याच महिन्यांत फोमचा चुरा होतो. बूट अचानक मोडल्यासारखा वाटतो, पण आत ते काम बरीच वर्षं गुपचूप चाललेलं असतं.

इथे एखादा वाचक विचारेल, की मग पॉलिएस्टरचा शर्ट वीस वर्षं कसा टिकतो? तोही एस्टरच. फरक रचनेचा आहे. शर्टाच्या धाग्यातले रेणू ताठ आणि एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले असतात, पाण्याला शिरायला फट मिळत नाही. सोलच्या फोममधला लवचीक भाग मुद्दाम सैल ठेवलेला असतो. पायाला जो मऊपणा सुखावतो, तोच पाण्याला वाट करून देतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. एस्टरऐवजी ‘ईथर’च्या गाठी असलेला पॉलियुरेथेन पाण्याला पुष्कळ जास्त टिकतो, आणि एस्टरच्या फोममध्येही जलापघटन मंदावणारी रसायनं घालता येतात. पण पेटीवर याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

वाळवंट म्हणजे कोरडी हवा?

भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, आपण वाळवंटात राहतो म्हणजे इथली हवा खडखडीत कोरडी. अल ऐनसारख्या आतल्या भागात ते बरंचसं खरं आहे. पण दुबई, शारजा, अबू धाबी ही किनाऱ्यावरची शहरं. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर आहे. एवढं उथळ पाणी उन्हाळ्यात ३३-३४ अंशांपर्यंत तापतं आणि भरपूर वाफ हवेत सोडतं. ऑगस्टमधल्या चिकट रात्री इथला दवबिंदू २८ अंशांच्या पुढे जातो. मुंबईत भर पावसाळ्यात तो साधारण २५ अंश असतो. म्हणजे छत्री न उघडता आपण मुंबईच्या जुलैपेक्षा जास्त पाणी असलेल्या हवेत उभे असतो. याच आखाताच्या काठावर, सौदी अरेबियातल्या धाहरान इथे ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेल्याची नोंद आहे.

आता यात तापमान मिळवा. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. युरोपातल्या २० अंशांच्या तळघरात ठेवलेला बूट आणि आपल्या ३५ अंशांच्या बंद घरात ठेवलेला बूट यांच्यात या हिशेबाने जवळपास तिपटीचा फरक पडतो. आणि आपली घरं नेमकी केव्हा बंद असतात? जुलै-ऑगस्टमध्ये, मुलांच्या शाळेला सुट्टी लागल्यावर. दोन महिने एसी बंद, खिडक्या बंद, बाहेर दमट उन्हाळा. पट्ट्यांवर आणि पर्सवर बुरशी आलेली अनेकांनी पाहिली असेल. त्याच कपाटात बूटही असतात.

काहीजण सह्याद्रीसाठीचे बूट डोंबिवलीला किंवा ठाण्याला आईच्या घरी माळ्यावर ठेवतात. तिथे पावसाळ्याचे चार महिने तीच गत. बुटांच्या दृष्टीने आपली दोन्ही घरं सारखीच वाईट.

वर्षाला ८० किलोमीटर

आता साधा हिशेब करू. इथला हायकिंगचा मोसम नोव्हेंबर ते मार्च. उत्साही माणूसही मोसमात दहा ट्रेक करतो, प्रत्येकी आठेक किलोमीटर. म्हणजे वर्षाला ८० किलोमीटर. धावण्याच्या बुटांचं आयुष्य ढोबळमानाने ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. हायकिंगचा बूट त्याहून दणकट, पण तोच आकडा धरला तरी चालून चालून तो संपायला सहा ते दहा वर्षं हवीत. पॉलियुरेथेनचा सोल साधारण पाच ते दहा वर्षांत जलापघटनाने जातो असं मानतात, आणि आपल्या हवेत तो या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे असणार. म्हणजे फक्त ट्रेकला घातलेला असा बूट झिजून संपतच नाही. निम्मं आयुष्य शिल्लक असताना तो कपाटात मरतो.

म्हणून ‘रोज घालून झिजवायचे कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर: तसेही ते जाणारच आहेत, तर पायात जाऊ द्या. नियमित चालण्याने फोम दाबला-सोडला जाऊन आतला ओलावा बाहेर पडतो, म्हणून बूट वापरत राहा, असं काही कंपन्याही सांगतात. पण माझ्या मते हिशेबाचं कारणच पुरेसं आहे. खर्च केलेल्या पैशातले जास्तीत जास्त किलोमीटर वसूल करायचे, तर घड्याळ संपायच्या आत चालून घ्यावं.

यातून निवडीचा एक नियम निघतो, आणि तो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. वर्षातून मोजक्याच वेळा ट्रेक करणार असाल, तर ईव्हीएचा सोल घ्या. तो कपाटात टिकतो. रोज पाच-सहा किलोमीटर चालणार असाल, तर पॉलियुरेथेन घ्यायला हरकत नाही. तो चालण्याने दबत नाही, आणि त्याचं रसायन बिघडायच्या आत तुम्ही त्याचा पुरेपूर उपयोग केलेला असेल. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: रोजच्यासाठी हलका ईव्हीए आणि ठेवणीत भारी पॉलियुरेथेन.

रोज घालायचे, पण कुठले?

सगळेच हायकिंगचे बूट रोज घालण्याजोगे नसतात. तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली गोष्ट वजन. पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा महाग पडतं, कारण प्रत्येक पावलाला ते उचलून, पुढे फेकून पुन्हा थांबवायचं असतं. धावण्याच्या प्रयोगांत असं दिसलं आहे, की प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की सुमारे १ टक्का जास्त ऊर्जा लागते. घोटा झाकणारा बूट सहज ६०० ग्रॅमचा असतो, घोट्याखालचा हलका जोड ३५०-४००चा. मेट्रो, ऑफिस आणि लुलूच्या फेऱ्यांसाठी घोट्याखालचाच बरा. बूट हातात धरून वाकवून पाहा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट पायाला आधार देत नाही आणि अजिबात न वाकणारा सपाट फरशीवर दमवतो.

दुसरी गोष्ट ‘वॉटरप्रूफ’ पापुद्रा. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. मात्र वाफ जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. पायाजवळ ३५ अंशांची ओलसर हवा धरली, तर तिथला बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल. आल्प्समध्ये शरद ऋतूत, १० अंशांच्या हवेत, बाहेर जेमतेम ०.७. फरक जवळपास ५. ऑगस्टमध्ये दुबईच्या किनाऱ्यावर, ३० अंश दवबिंदू असताना, बाहेर ४.२. फरक फक्त १.४. म्हणजे वाफेला बाहेर ढकलणारा जोर साडेतीन पट कमी. पडदा तोच, पण पाय आत उकडतो. जिथे वर्षातून मोजकेच दिवस पाऊस पडतो, तिथे रोजच्या वापराला साध्या जाळीचा बूट घ्यावा. सह्याद्रीच्या पावसाळ्यातही ओढे ओलांडताना पाणी वरूनच आत शिरतं, आणि मग वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही.

तिसरी गोष्ट पकड. खोल खाचा मातीत आणि खडीत रुततात, म्हणून तिथे उपयोगी. मॉलच्या किंवा इमारतीच्या लॉबीतल्या गुळगुळीत संगमरवरावर रुतायला काहीच नसतं. तिथे रबर किती मऊ आहे आणि किती भाग जमिनीला टेकतो याला महत्त्व. ओल्या फरशीवर कडक रबराचा, उंच खाचांचा सोल चपलेपेक्षाही जास्त घसरू शकतो. हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईबाबांना ‘भक्कम बूट’ म्हणून असे बूट घालायला देण्याआधी ते ओल्या फरशीवर स्वतः घालून बघा. मऊ रबर पकडतं चांगलं, पण झिजतं लवकर. हट्टाच्या गॅब्रोवर किंवा जेबेल जैसच्या धारदार चुनखडीवर तो सौदा करण्यासारखा आहे.

तारीख कुठे असते?

इथल्या बांधकामांवर कामगार घालतात त्या सेफ्टी शूजचा सोलही पुष्कळदा पॉलियुरेथेनचाच असतो. पण आयएसओ २०३४५ या मानकानुसार त्या बुटांवर उत्पादनाचं वर्ष आणि निदान तिमाही छापावी लागते. हायकिंगच्या बुटांना हे मानक लागू नाही. तरीही अनेक कंपन्या जिभेच्या आतल्या पट्टीवर बारीक अक्षरांत तारीख किंवा तसा आकडा छापतात. सेलमध्ये निम्म्या किमतीला मिळणारा जोड घेताना ती पट्टी आवर्जून वाचा. तीन वर्षं एसी नसलेल्या गोदामात पडलेला बूट कोरा दिसला तरी नवा नसतो. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतोच ना?

घरात असलेले बूट मोसमाआधी असे तपासा. मधल्या सोलवर अंगठा जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या, पापुद्रे सुटले, हाताला चिकट लागलं किंवा भुकटी आली, तर तो बूट डोंगरात नेऊ नका. काहीच दिसलं नाही तरी आधी दोन-तीन दिवस घराजवळ घालून फिरा. सोल सुटायचा तर तो गाडी आणि टॅक्सी जवळ असताना सुटलेला बरा. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका काकांचे दोन्ही सोल शौकाच्या वाटेवर अर्ध्या तासाच्या अंतराने निघाले. लेस आणि चिकटपट्टीने बांधून ते परतले. डिसेंबर होता म्हणून निभावलं. एप्रिलमध्ये तापलेल्या खडकावर, पाणी संपत आलेलं असताना, तेच अंतर फार मोठं झालं असतं. तेव्हापासून रुंद चिकटपट्टीचा एक छोटा गुंडा मी पाठपिशवीत ठेवतो.

सुटलेला सोल चिकटवता येतो का? सुटलेले दोन्ही पृष्ठभाग बघा. दोन्ही स्वच्छ आणि अखंड असतील, तर फक्त गोंद सुटला आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत राहिलेल्या बुटांचं असं होतं. चांगला मोची ते चिकटवून, कडेने शिलाई मारून देईल. पण चुरा किंवा चिकट लगदा दिसत असेल, तर फोमच संपला आहे. ओल धरलेल्या भिंतीला कितीही भारी रंग लावा, पोपडे निघणारच. काही महागड्या बुटांना कारखान्यात पूर्ण नवा सोल बसवून मिळतो, तेवढाच मार्ग.

ठेवायचेच असतील, तर एसी चालू असलेल्या खोलीत, पूर्ण वाळवून ठेवा. सुट्टीवर जाताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसह ठेवा, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत नको. पापड-लोणच्यांसारखं बुटांना ऊन दाखवू नका, पंख्याखाली सावलीत वाळवा. आणि डिकीत ठेवू नका.

एवढं सगळं करण्यापेक्षा सोपा मार्ग अर्थातच बूट घालण्याचा आहे. आज संध्याकाळी कपाट उघडून जिभेमागची ती पट्टी वाचा. चार वर्षं उलटून गेली असतील आणि अंगठ्याची परीक्षा बूट पास झाले असतील, तर उद्यापासून तेच घालून ऑफिसला जा.